सहा फूट चार इंचांचा मुलगा: बास्केटबॉलसाठी त्याला पारखायचं कसं?

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या करकंबसारख्या गावात नववीतला एखादा मुलगा सहा फूट चार इंचांचा झाला, की गावभर त्याची चर्चा होते. तालमीत घाला, असं एक जण सांगतो. दुसरा पोलीस भरतीचं बघा म्हणतो, शाळेतले सर त्याला व्हॉलीबॉलच्या नेटपाशी उभा करतात. बास्केटबॉलचं नाव क्वचितच निघतं, कारण कबड्डी, खो-खो आणि कुस्तीच्या या पट्ट्यात तो खेळ मुळात कमी. पण उंचीला सर्वांत जास्त भाव देणारा खेळ तोच आहे, आणि कॉलेजचे संघ अशा मुलांच्या शोधात असतात. त्या मुलाला कोणत्या निकषांवर तपासायचं, हे क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माहीत असावं म्हणून हा लेख.

मोजमाप: फक्त उंची पुरत नाही

उंची सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून मोजावी. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते. गावात सांगितली जाणारी उंची बहुतेक वेळा बूट घालून आणि एखादा इंच पदरचा घालून सांगितलेली असते. ती वहीत लिहू नये.

त्याहून महत्त्वाची दोन मापं आहेत. पहिलं म्हणजे हात वर करून उभं राहिल्यावर बोटांची टोकं कुठवर पोचतात ते. बोटांना खडू लावून भिंतीवर खूण करायची, की झालं. दुसरं म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. बास्केटची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. चेंडू अडवताना किंवा रिबाउंड (रिंगवरून उसळून परतलेला चेंडू) घेताना डोक्याचा काही उपयोग नसतो, बोटं जिथे पोचतात तिथे काम होतं. आखूड मान, रुंद खांदे आणि लांब हात असलेला सहा फूट दोनचा मुलगा, लांब मानेच्या सहा फूट चारच्या मुलाइतकाच वर पोचू शकतो. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करायला सांगावी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्याची उडी.

वय आणि उरलेली वाढ

माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथे होतात. मुलांची उंची साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमाराला सर्वांत झपाट्याने वाढते, त्या एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटरही वाढते. पण ही लाट कुणाला बाराव्या वर्षी येते, कुणाला सोळाव्या. चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत जो सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू काढतो, त्याला मिसरूड फुटलेलं असेल, आवाज बदललेला असेल, तर त्याची वाढ संपत आलेली असू शकते. उलट त्याच संघातला काटकुळा, अजून पोरगेलासा दिसणारा, गेल्या सहा महिन्यांत दोनदा पँट आखूड झालेला मुलगा तीन वर्षांनी त्याच्यापेक्षा उंच असेल. निवड चाचणीत पहिला निवडला जातो आणि दुसरा घरी जातो.

अंदाज बांधायला बालरोगतज्ज्ञ एक साधं गणित वापरतात. मुलाच्या बाबतीत वडिलांची आणि आईची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, त्यात १३ मिळवायचे आणि दोनने भागायचं. वडील १७५ आणि आई १६० असेल तर उत्तर १७४ येतं. खरी उंची यापेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणजे अशा घरातला चौदा वर्षांचा मुलगा आजच १८५ असेल, तर एक तर तो लवकर वाढला आहे, किंवा घराण्यात कुणी काका-मामा, आजी उंच आहे. घरी जाऊन विचारावं.

वयाचा दाखला हा नाजूक विषय आहे, पण टाळता येत नाही. शाळेत घालताना लावलेली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवण्याची पद्धत भारतीय क्रीडाक्षेत्रात रूढ झाली आहे. सोळाचा मुलगा चौदाचा म्हणून खेळवला, तर त्याच्याविषयीचे सगळे अंदाज फसतात आणि पुढे बंदीची टांगती तलवार राहते ती वेगळीच.

पाय: खरी परीक्षा

जॉर्ज मिकन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. १९४२ च्या सुमाराला सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा मुलगा अमेरिकेतल्या नोत्रदाम कॉलेजात चाचणी द्यायला गेला. बोजड आहे म्हणून तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला परत पाठवलं. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाचा तरुण प्रशिक्षक नुकताच रुजू झाला होता. त्याने मिकनला दोरीच्या उड्या मारायला लावल्या, हवेत ठोसे मारण्याचा सराव दिला, इतकंच काय, नृत्याचे धडेही घ्यायला लावले. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, न थांबता चेंडू टाकत राहण्याचा सराव आजही जगभर ‘मिकन ड्रिल’ म्हणून ओळखला जातो. तोच मुलगा पुढे अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलचा पहिला मोठा तारा झाला. रिंगकडे खाली येणारा चेंडू अडवायला १९४४ मध्ये कॉलेजच्या खेळात बंदी आली, त्यामागे त्याच्यासारख्या उंच खेळाडूंची धास्ती होती. १९५१ मध्ये एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगने रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला, तोही त्याच्यामुळेच.

नोत्रदामने त्याचा त्या दिवशीचा बोजडपणा पाहिला. मेयरने तो शिकतो किती लवकर हे पाहिलं. चाचणी घेणाऱ्याने हाच फरक ध्यानात ठेवावा.

करकंबच्या मैदानावर यासाठी काही वेगळं साहित्य लागत नाही. मुलाला खो-खो खेळायला लावा. वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वर मंडळासारखे खो-खोचे संघ याच सोलापूर जिल्ह्यात घडले आहेत, त्यामुळे खांबाला वळसा घालताना कुणाचं अंग कसं वळतं, हे इथल्या सरांना शिकवावं लागत नाही. उंच मुलगा वळताना कंबर खाली घेतो की काठीसारखा ताठ राहून फिरतो? थांबताना एका पावलात थांबतो की तीन-चार पावलं घसरत जातो? पहिल्या दिवशी तो अवघडेलच. पुन्हा दहा दिवसांनी पाहावं. कबड्डीचंही तसंच. पंजाबमधल्या फत्तूवाल गावचा, सहा फूट अकरा इंचांचा अमृतपाल सिंग आधी कबड्डी खेळायचा. बास्केटबॉलकडे तो अठराव्या वर्षाच्या आसपास वळला, पुढे भारताकडून खेळला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्ज संघाने त्याला घेतलं. कॅमेरूनचा जोएल एम्बीड पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत व्हॉलीबॉल आणि फुटबॉल खेळायचा. २०११ मध्ये एका शिबिरात तो हेरला गेला, नंतर कॅन्सस विद्यापीठात गेला आणि २०१४ च्या एनबीए निवडीत, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने घेतात त्या ड्राफ्टमध्ये, तिसरा आला. दुसऱ्या खेळात कमावलेली पावलं वाया जात नाहीत. म्हणून उंच मुलगा बास्केटबॉल खेळलेला नाही, एवढ्यावरून त्याला बाद करू नये.

हात आणि डोळे

जोरात टाकलेला चेंडू तो बोटांत पकडतो की छातीवर घेतो, हे पाहायचं. रिबाउंड घेतल्यावर चेंडू हनुवटीशी धरतो, की कमरेखाली आणतो आणि बुटक्या मुलांच्या हाती देतो? डाव्या हाताने रिंगखालून चेंडू टाकता येतो का? फ्री थ्रोकडेही लक्ष द्यावं. तिथे कुणी अडवत नसतं, त्यामुळे हाताचं वळण स्वच्छ दिसतं. ज्याचं वळण सरळ, तो पुढे लांबून टाकायलाही शिकेल.

त्याला फक्त रिंगखाली उभं करू नका

शाळेच्या संघात उंच मुलाला एकच काम दिलं जातं: रिंगखाली उभा राहा, चेंडू आला की टाक. सामने जिंकायला हे सोपं, पण मुलाचं यात नुकसान होतं. सोलापूर जिल्ह्यात सहा फूट चार म्हणजे डोंगर, पण राष्ट्रीय पातळीवरच्या कॉलेज संघात तेवढी उंची रिंगपासून दूर, बाहेरून खेळणाऱ्यांचीही असते. वाढ तिथेच थांबली आणि चेंडू खेळवत नेता येत नसेल, तर तो ना आतला राहतो ना बाहेरचा. अमेरिकेचा अँथनी डेव्हिस शाळेत बाहेरून खेळायचा. मग अचानक सात-आठ इंच वाढला आणि ते सगळं कसब घेऊनच आतल्या जागी आला. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ च्या निवडीत ४१ वा होता. धाव साधी, उडी साधी, पण नजर आणि पास असे, की २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पारखणाऱ्याने मुलाच्या हातात चेंडू नसताना त्याच्यावर नजर ठेवावी. आपला चेंडू गेल्यावर तो पळत मागे येतो का? पहिली उडी चुकली तर लगेच दुसरी मारतो का? साथीदाराला ओरडून सावध करतो का? गुणफलकात यातलं काहीच लिहिलं जात नाही.

सतनाम सिंगचा धडा

पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के या छोट्या गावातल्या शेतकरी घरात १९९५ मध्ये सतनाम सिंग जन्मला. वडीलही सात फुटांच्या वर. तरुणपणी त्यांनाही बास्केटबॉल खेळायला सांगितलं गेलं होतं, पण घरच्या शेतीमुळे ते राहून गेलं. मुलाला मात्र त्यांनी लुधियानाच्या अकादमीत पाठवलं. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळून तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. तेव्हा इंग्रजी त्याला जवळजवळ येत नव्हतं. अभ्यासाच्या अटी पुऱ्या न झाल्याने अमेरिकन कॉलेजचा रस्ता बंद झाला. २०१५ मध्ये सात फूट दोन इंचांच्या सतनामला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएत निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पण त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सने बुटक्या, चपळ पाच जणांना उतरवून विजेतेपद मिळवलं होतं. खेळ वेगवान होत चालला होता. सतनाम दुय्यम लीगमध्ये थोडाच खेळला, एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. २०२० मध्ये उत्तेजक सेवनप्रकरणी दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

बल्लो के ते डॅलस हा पल्ला लहान नाही, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण कॉलेजची चार वर्षं त्याला मिळाली असती, तर वेगवान खेळासाठी पाय तयार करायला वेळ मिळाला असता, असं मला ठामपणे वाटतं. अभ्यास हा उंच मुलाच्या खेळाचाच भाग आहे.

तब्येत

झपाट्याने वाढणाऱ्या मुलाचे गुडघे दुखतात, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी गाठ येते. अशा वेळी ‘सहन कर’ म्हणून उड्या मारायला लावणं चुकीचं. सराव कमी करावा, डॉक्टरांना दाखवावं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अतिशय उंच, सडपातळ, हातांचा पसारा उंचीपेक्षा बराच जास्त, बोटं लांबलचक, सांधे सैल आणि चष्म्याचा नंबर मोठा, अशी लक्षणं एकत्र दिसली तर मारफान सिंड्रोमची शंका घ्यावी. या आनुवंशिक विकारात हृदयातून निघणारी महारोहिणी कमकुवत असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि गेली. कारण हेच होतं. २०१४ मध्ये बेलर विद्यापीठाचा सात फुटी आयझाया ऑस्टिन याला हा विकार असल्याचं एनबीए निवडीच्या काही दिवस आधी तपासणीत कळलं, म्हणून त्याचा जीव धोक्यातून वाचला. मोठ्या सरावाला लावण्याआधी अशा मुलाची इकोकार्डिओग्राफी सोलापुरात करून घ्यावी. हा खर्च बुटांच्या आधीचा.

पुढच्या वाटा

पहिली वाट शालेय स्पर्धांची: तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत. सोलापूर पुणे विभागात येतं. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयातच प्रवेश मिळतो. उंची-वजनासोबत धाव, उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता अशा चाचण्या तिथे होतात. बारावीनंतर पुण्या-मुंबईची कॉलेजं आहेतच, शिवाय चेन्नईचं एसआरएम आणि बंगळूरचं जैन विद्यापीठ यांचे संघ देशात नाव राखून आहेत. पुढे रेल्वे, सेनादल आणि सार्वजनिक कंपन्यांचे संघ, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. नागपूरची सिया देवधर आणि पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळल्या. उंच मुलींसाठीही हीच पारख आणि याच वाटा आहेत.

अमेरिकन कॉलेजची शिष्यवृत्ती मनात असेल, तर नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्या लागतात. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांसाठी १६ ठरावीक विषय-अभ्यासक्रम आणि किमान सरासरी लागते. बारावीनंतर वर्षं वाया घालवली तर खेळण्याचे हंगाम कापले जातात. म्हणून ‘अमेरिकेला पाठवतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या माणसाला आधी या अटी विचाराव्यात.

करकंब परिसरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी ते दहावीच्या उंच मुला-मुलींची एक वही ठेवा. दर महिन्याला उंची, हाताची पोच आणि उडी लिहा, आई-वडिलांची उंची आणि जन्मदाखल्याची तारीख पहिल्या पानावर नोंदवा. एका दिवसाच्या चाचणीवरून कुणाला घरी पाठवू नका. दोन वर्षांची वही घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा.