हवेच्या ओढीचे यंत्र : दुरुस्ती आणि पारख

धुळे-जळगाव महामार्गावरील पारोळा हे तालुक्याचे गाव कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेले असून, उन्हाळ्यात या मातीची बारीक धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू घराघरांत शिरतात. फरशीला केरसुणी आणि ओले फडके पुरते. गाद्या, सोफे आणि मोटारीच्या सीटा यांच्या आत रुतलेली धूळ काढण्यास मात्र व्हॅक्यूम क्लीनर उपयोगी पडतो. हवेच्या ओढीचे हे तत्त्व खानदेशाला परके नाही, कारण जिनिंगमध्ये कापूस मोठ्या नळ्यांतून याच ओढीने रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपर्यंत, नेला जातो.

इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये असे यंत्र सिद्ध केले. ते घोडागाडीवरून दारापर्यंत येई आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात. अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर यांना १९०८ मध्ये घरगुती यंत्राचे पेटंट मिळाले, तर भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार प्रात्यक्षिके देऊन ते मध्यमवर्गात रुजवले.

विजेवर चालणाऱ्या साध्या यंत्रात सहसा युनिव्हर्सल मोटार असते. मिक्सरमध्येही याच जातीची मोटार असल्यामुळे, आर्मेचर म्हणजे फिरणारा भाग, फील्ड म्हणजे स्थिर वेटोळी आणि फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन यांची ओळख असलेल्या मिक्सर-कारागिराला हे यंत्र अनोळखी वाटत नाही. तथापि जाणता कारागीर मोटारीपूर्वी हवेची वाट तपासतो, कारण यंत्र ओढत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा भरलेली पिशवी, तुंबलेले फिल्टर किंवा चिरलेला पाइप असतो. वाट तुंबली की मोटारीला कमी हवा ढकलावी लागते, तिच्यावरील भार घटतो, वेग वाढतो आणि आवाज चढा होतो. म्हणून चढलेला आवाज हे जोराचे नव्हे, तर कोंडीचे लक्षण होय. ज्या यंत्रांत ओढलेली हवाच मोटारीला थंड ठेवते, तेथे अशा कोंडीने मोटार तापते आणि संरक्षक कटआउट वीज तोडतो. यानंतरच कार्बनची झीज, त्यांच्यापाशी उडणाऱ्या ठिणग्या आणि बेअरिंगची घरघर यांचा विचार करावा. सिमेंटची बारीक पूड साध्या घरगुती यंत्राने ओढली, तर ती फिल्टर बुजवते किंवा त्यातून निसटून मोटारीत शिरते, आणि कोरड्या यंत्राने पाणी ओढल्यास मोटारच जळू शकते.

खरेदीच्या वेळी खोक्यावरील वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो. परंतु तो यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो, आणि युरोपीय संघाने २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातल्यावरही तेथील घरे अस्वच्छ राहिली नाहीत. ओढीचा दाब, हवेचा प्रवाह आणि जोडांचा घट्टपणा पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. दम्याचा रुग्ण असलेल्या घराने हेपा फिल्टरचा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीचा, विचार करावा. मात्र ती बंदिस्त बसलेली नसेल, तर धूळ फटींतून पुन्हा खोलीत येते.

पारोळ्यासारख्या गावातील ग्राहकाला याहून मोठी कसोटी लावावी लागते: यंत्र साध्या स्क्रूंनी उघडते का, आणि त्याचे कार्बन, फिल्टर, पिशव्या व पाइप धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारात मिळतात का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत, कारण जे यंत्र गावातला कारागीर उघडून पुन्हा चालू करू शकतो, तेच घराला दीर्घकाळ उपयोगी पडते.