हेलिकॉप्टर जमिनीवरच का उलटते?



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने हेलिकॉप्टरविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा पुतण्या वैमानिकाचे शिक्षण घेत असताना त्याचे छोटे हेलिकॉप्टर उड्डाणाच्या क्षणीच जमिनीवर उलटले. सुदैवाने तो बचावला. ‘काका, ते कलू लागले आणि मी वर उचलायला गेलो, तिथेच चुकलो,’ असे तो म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ लावताना मला जे उमगले, ते येथे मांडतो.

वैमानिकाच्या डाव्या हाताशी ‘कलेक्टिव्ह’ नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की मुख्य पंख्याच्या सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढतो आणि यंत्र उचलले जाते. उजव्या हातातील ‘सायक्लिक’ दांड्याने फिरता पंखा हव्या त्या दिशेस कलवता येतो.

हवेत हेलिकॉप्टर आपल्या गुरुत्वमध्याभोवती कलते. परंतु उड्डाण करताना एका बाजूची स्किड, म्हणजे ज्यावर ते उभे असते ती धातूची नळी, चिखलात किंवा सोडायच्या राहिलेल्या दोरात अडकली, तर तीच बिजागरी ठरते. मग पंख्याची उचल यंत्राला वर न नेता त्या बिजागरीभोवती उलथवू लागते. यालाच ‘डायनॅमिक रोलओव्हर’ म्हणतात. उतार आणि आडवा वारा त्यास हातभार लावतात. पंखा थांबलेला असताना यंत्र उलटण्यास जितका कल लागतो, त्याहून पुष्कळ कमी कल येथे पुरतो: अनेक हेलिकॉप्टरांत सुमारे १५ अंश, आणि कलण्याचा वेग अधिक असेल तर त्याहूनही कमी. ही मर्यादा ओलांडल्यावर सायक्लिक विरुद्ध बाजूस पूर्ण रेटूनही यंत्र सावरत नाही. हे सारे काही क्षणांत घडते.

उपाय मर्यादेपूर्वीच करावा लागतो. कलेक्टिव्ह विनाविलंब, परंतु झटका न देता, खाली करायचा. उचल घटली की यंत्राचे वजनच त्याला पुन्हा दोन्ही स्किडवर बसवते. झटका दिला तर ते दुसऱ्या बाजूस कलंडू शकते. म्हणूनच जमीन सोडताना घाई न करता, दोन्ही स्किड मोकळ्या झाल्याची खात्री करीत हळूहळू उचलण्याची सवय शिकाऊ वैमानिकास लावतात.

आयुष्यभर मी वर्गात ‘वर चढा’ असेच सांगत आलो. वेळीच खाली ठेवणे हेही शिकवावे लागते, हे मला पुतण्याने शिकवले.