नजर पोचत नाही, तिथे भाला नको

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले, की मावळातल्या ओढ्यांना तांबडे पाणी येते आणि त्याबरोबर चढणीचे मासेही. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणारे हे मासे धरण्यासाठी तुंगार्ली-लोणावळ्याच्या आसपास हौशी मंडळी रात्री बॅटरी, काठी, कोयता किंवा भाला घेऊन निघतात. हौस जुनी आहे. मात्र गढूळ पाण्यासाठी हत्यार निवडताना आधी आपली नजर किती खोल पोचते, हे पाहायला हवे.

स्वच्छ पाण्यातही नजर फसते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे चार फूट खोल असलेला मासा वरून तीन फुटांवरच असल्यासारखा दिसतो. तिरके पाहिले तर फसगत आणखी वाढते. म्हणून जाणकार माशाच्या थोडे खाली नेम धरतो. गढूळ पाण्यात मातीचे कण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि नेम धरायला काही उरतच नाही.

अशा वेळी बॅटरी जितकी प्रखर, तितके चांगले, असा समज असतो. खंडाळ्याच्या घाटात दाट धुक्यात गाडीचा दिवा ‘अप्पर’ केला की समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यातही तेच होते. म्हणून उजेड मध्यम असावा आणि बॅटरी कपाळावर बांधण्याऐवजी बाजूला, डोळ्यांपासून दूर धरावी.

समुद्रात बुडी मारून रबरी बंदुकीने मासे टिपणारेही गढूळ पाण्यात आखूड बंदूक निवडतात. कारण लांब बंदुकीचा भाला नजरेपलीकडे जातो. तो खडकावर आदळून उलटू शकतो किंवा सोबत्याच्या पायात घुसू शकतो. पिवळ्या काचेच्या चष्म्याने रंगांतला फरक थोडा उठून दिसतो, पण जे दिसतच नाही ते काच दाखवू शकत नाही. हत्याराचा पल्ला नजरेपेक्षा लांब नसावा, हाच नियम ओढ्यालाही लागू आहे. पाण्यात स्वतःची पावले दिसत नसतील, तर भाला आणि कोयता घरीच ठेवावा. गळ किंवा फेकजाळे यांना पाण्याखालचे दिसण्याची गरज नसते. तेही काठावरूनच वापरावे.

पायांत स्लीपर नको. पकड असलेले बंद बूट हवेत. गमबुटात पाणी भरले की पाय उचलत नाही. पाणी जोरात असेल किंवा वाढत असेल, तर कोणतेच साधन पुरेसे नाही.

जखम झालीच, तर ती स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी. हळद, चुना, माती लावू नये. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, किंवा ते कधी घेतले हे आठवत नसेल, तर लगेच रुग्णालय गाठावे. भाल्याचे टोक अंगात रुतले असेल, तर ते ओढून काढू नये. टोकच रक्तस्राव थोपवून धरत असू शकते. ते हलणार नाही असे बांधून रुग्णाला आणावे. शिंगटीचा काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावा. वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासावे.

जखम झाली नाही, तरी पुढचे काही आठवडे ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे याकडे लक्ष ठेवावे. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगाळलेल्या टाचेतूनही शरीरात शिरतात. लवकर उपचार झाले तर प्रतिजैविकांनी आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततो. पावसाळ्यात तापाची कारणे अनेक असतात, त्यामुळे डॉक्टरांना नेमके कारण शोधायला वेळ लागू शकतो. ‘मी गढूळ पाण्यात उतरलो होतो’ हे रुग्णाने न विचारताच सांगावे.