टीव्हीखालचं कॅबिनेट: आधी जागा, मग हवा, मग रूप

मी चेन्नईच्या वेस्ट मांबलममधून बोलतोय. मूळ गाव साताऱ्याकडचं, नोकरी तोफखान्यात, आणि निवृत्तीनंतर मुक्काम सासुरवाडीच्या गल्लीत. आमच्या सौभाग्यवती तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, पण वाढल्या इथेच, मांबलम स्टेशनच्या पश्चिमेला.

मागच्या भागात आपण टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर कशाला हवा, ते पाहिलं. थोडक्यात उजळणी करू. घरातले जुने व्हिडिओ, फोटो, कॅसेटवरून उतरवलेलं गाणं, हे सगळं आपल्याच डिस्कवर ठेवायचं आणि कोडीसारख्या प्रोग्रॅममधून सोफ्यावर बसून रिमोटने लावायचं. आज त्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, कसं निवडायचं ते सांगतो. बहुतेक जण कॅबिनेटचा विचार सगळ्यात शेवटी करतात. मीही तेच केलं होतं, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

माझ्या सासऱ्यांनी मार्गळी महिन्यातल्या कचेरींच्या साठेक कॅसेट जपून ठेवल्या होत्या. सौ.साठी त्या सगळ्या मी डिस्कवर उतरवल्या. मग माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटला गेलो. दिल्लीला जसं नेहरू प्लेस, मुंबईला लॅमिंग्टन रोड, तशी चेन्नईला रिची स्ट्रीट. तिथे एक चपटं, काळं, जुन्या व्हीसीआरसारखं दिसणारं कॅबिनेट आवडलं. बाकीचं सामान त्यात बसेल असं घेतलं आणि टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवून दिलं. आठ-पंधरा दिवस सौ.नी गाणी ऐकली. मग त्यांचा जुना टेपरेकॉर्डर पुन्हा स्वयंपाकघरात वाजू लागला. मला वाटलं, सवयीचं यंत्र बरं वाटतं. असे सात महिने गेले.

डिसेंबरात मुलगी पुण्याहून आली. बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, हे किती शिट्टी मारतंय!" मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी सौ.कडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, तंबोऱ्याच्या सुरात ती शिट्टी घुसते. पण तुम्ही इतक्या हौसेनं केलंत, कसं बोलायचं?"

१०५ मिलिमीटरच्या तोफांजवळ आयुष्य गेलं. मोठ्या आवाजानं कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजासाठी. निवृत्तीच्या तपासणीत माझा तो आलेख खाली गेलेला दिसलाच होता. म्हणजे यंत्र शांत आहे की नाही, हे ठरवायला मी घरातला सगळ्यात निकामी माणूस होतो, आणि ठरवलं मात्र मीच.

आता क्रमाने बघू.

पहिलं, जागा. टेप घ्या आणि टीव्हीच्या कपाटाची रुंदी, उंची, खोली मोजा. खोलीतून किमान ८ ते १० सेंटिमीटर वजा करा, कारण मागे एचडीएमआय आणि विजेच्या वायरींना वळायला जागा लागते. वर आणि बाजूला हवेसाठी मोकळी जागा सोडा. कपाटाला काचेचं दार असेल तर ते काढा, किंवा मागची फळी कापून घ्या. बंद शोकेसमध्ये यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतं.

दुसरं, मदरबोर्ड. मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत, आणि पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये सहसा बसतो, उलटं होत नाही. मिनी-आयटीएक्सला कार्डासाठी एकच स्लॉट असतो. टीव्ही ट्यूनर किंवा साउंड कार्ड अशी दोन कार्डं लावायची असतील तर मायक्रो-एटीएक्स घ्या.

तिसरं, उंची. चपट्या कॅबिनेटमध्ये सगळी अडचण इथे होते. उदाहरणच देतो. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड २०२ हे जेमतेम ८ सेंटिमीटर जाडीचं आहे. त्यात प्रोसेसरवरचा कूलर ५६ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही आणि एसएमपीएस लहान, एसएफएक्स मापाचा लागतो. सिल्व्हरस्टोनचं ग्रँडिया जीडी०९ हे ४४ सेंटिमीटर रुंद, १७ उंच आणि जवळपास ३६ खोल. त्यात पूर्ण एटीएक्स बोर्ड आणि नेहमीचा एसएमपीएस बसतो, १२० मिलिमीटरचे पंखेही लागतात. पहिलं दिसायला सुबक, दुसरं अ‍ॅम्प्लिफायरसारखं धिप्पाड. विकत घेण्याआधी तीन आकडे लिहून काढा: कूलरची कमाल उंची, एसएमपीएसचं माप, आणि ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर त्याची उंची. चपट्या डब्यात कित्येकदा अर्ध्या उंचीचंच, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड चालतं.

चौथं, उष्णता. यंत्राच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, हे विसरू नका. चेन्नईत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि एसी दिवसभर चालू नसतो. साधा हिशेब करू. यंत्र १०० वॉट उष्णता टाकतंय आणि सेकंदाला १० लिटर हवा त्यातून वाहतेय, तर ती हवा साधारण ८ अंशांनी तापते. तीच हवा सेकंदाला अडीच लिटर झाली तर ३३ अंशांनी. खोलीत ३६ अंश धरले तर पहिल्या डब्यात ४४ होतील, दुसऱ्यात ६९. हार्ड डिस्क बनवणारे साधारणपणे ६० अंशांची मर्यादा सांगतात. सासऱ्यांच्या कॅसेट ज्या डिस्कवर आहेत, ती त्या दुसऱ्या डब्यात ठेवायची का, हे तुम्हीच ठरवा. आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

पाचवं, आवाज. माझ्या चपट्या डब्यात ४० मिलिमीटरचे दोन पंखे होते. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला खूप वेगानं फिरावं लागतं. मिनिटाला ४५०० फेरे म्हणजे सेकंदाला ७५. पंख्याला सात पाती असतील तर सेकंदाला ५२५ वेळा हवा कापली जाते, म्हणजे ५२५ हर्ट्झचा सूर. हा थेट गाण्याच्या पट्टीतला सूर आहे, आणि त्याच्या वर त्याचे पटीतले सूर आणि बेअरिंगची शीळ. आता १२० मिलिमीटरचा पंखा ८०० फेऱ्यांनी फिरवा. सात पात्यांना हिशेब येतो ९३ हर्ट्झ. तो खर्जात जातो, तिथे कान मुळातच कमी तीक्ष्ण असतो, आणि एकूण आवाजही फार कमी. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. म्हणून कॅबिनेट बघताना पंख्यांची संख्या नंतर मोजा, आधी त्यांचा व्यास बघा.

बिनपंख्याची कॅबिनेटही मिळतात. स्ट्रीकॉमच्या काही डब्यांत अ‍ॅल्युमिनियमचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. कमी वॉटच्या प्रोसेसरला ती छान, पण तीही उघड्यावर ठेवावी लागतात, आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल तर तिचा आवाज राहतोच. डिस्क रबरी वॉशरवर बसवता येते का, ते पाहा.

सहावं, धूळ आणि पाणी. हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर धुता येणारी जाळी हवी. बाहेर फेकली जाते त्यापेक्षा थोडी जास्त हवा आत घ्या, म्हणजे फटींमधून धूळ ओढली जात नाही. दर महिन्याला जाळी धुवा. आणि तळमजल्यावर राहत असाल तर यंत्र जमिनीवर ठेवू नका. २०१५ च्या डिसेंबरात या शहरानं काय पाहिलं, ते इथल्या कोणालाही विचारा.

शेवटी दोन बारीक गोष्टी. धातूचा डबा वायफाय आणि ब्लूटूथ अडवतो, म्हणून अँटेना बाहेर काढता आला पाहिजे. आणि इन्फ्रारेड रिमोट वापरणार असाल तर त्याचा रिसीव्हर समोर दिसायला हवा.

मी दुसऱ्यांदा आडवं, १७ सेंटिमीटर उंचीचं कॅबिनेट घेतलं. शोकेसची काच काढली, मधली एक फळी सुताराकडून खाली सरकवून घेतली. या वेळी चाचणी मी घेतली नाही. रात्री साडेदहाला गल्ली शांत झाल्यावर घरातले पंखे बंद केले, यंत्र चालू केलं, आणि सौ.ना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी एक पंखा अजून वेगात आहे म्हणून सांगितलं. बायोसमध्ये जाऊन तो ९०० वरून ७०० वर आणला. मग वडिलांची एक कॅसेट लावली. तंबोरा सुरू झाला, आणि त्या पुढचा पाऊण तास काही बोलल्या नाहीत. टेपरेकॉर्डर आता माळ्यावर आहे.

तुम्हीही दुकानातून आणल्यावर पहिल्या रात्रीच ही चाचणी करा, म्हणजे बदलून घ्यायची मुदत हातची जात नाही. घरातल्या सगळ्यात चांगल्या कानांना खुर्चीत बसवा, आणि त्यांना आपणहून विचारा. ते स्वतः सांगतीलच असं नाही.

पुढच्या भागात कॅसेटवरचं गाणं डिस्कवर कसं उतरवायचं ते पाहू. नमस्कार.