सहा परंपरा, एक मंडळी

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, रोजच्या बोलण्यात सीएनआय, या मंडळीची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष त्या दिवशी सुरू होते. अँग्लिकन वारशाची चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया; ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परिषदांशी जोडलेली मेथडिस्ट मंडळी; उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषद; चर्च ऑफ द ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. या एकीकरणाच्या वाटाघाटी लखनौ येथील १९२९ च्या परिषदेपासून चालू होत्या. मधल्या एक्केचाळीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, त्याची फाळणी झाली, परदेशी मिशनऱ्यांची जागा भारतीय पाळकांनी घेतली आणि योजनेच्या मसुद्याला चार आवृत्त्या पाहाव्या लागल्या.

एकीकरणाची गरज का वाटली, हे महाराष्ट्राच्या नकाशावरून चांगले कळते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांचे काम अहमदनगरला पोहोचले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे असल्याने तेथे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः पाही. कोल्हापूरला १८७० पासून अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम सुरू केले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसवलेले बेथेल हे गावही त्याच परंपरेतले. नाशिकचे शरणपूर अँग्लिकन, तर डहाणू-पालघरचा पट्टा ब्रदरनांचा. मिशन संस्थांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये असा संकेत होता. त्यामुळे एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब प्रेस्बिटेरियन की अँग्लिकन हे बहुधा त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. ज्या वादांतून युरोपात हे पंथ निर्माण झाले, त्या वादांशी कोल्हापूरच्या किंवा जालन्याच्या माणसाचा काहीही संबंध आलेला नव्हता. संकेत मोडला गेला तिथे गोंधळ आणखी वाढला. अहमदनगर जिल्ह्यात १८७० च्या दशकात अँग्लिकन सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल (एसपीजी) या मिशनने काम सुरू केले आणि एकाच पंचक्रोशीत, एकाच समाजातून आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या दोन वेगळ्या मंडळ्या उभ्या राहिल्या.

गाण्यांनी मात्र या सीमा कधीच पाळल्या नाहीत. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक सगळ्यांच्या हाती होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते अँग्लिकन देवळात जशी गायली जात, तशीच काँग्रिगेशनल देवळातही. टिळकांनी मंडळीच्या भवितव्याचा स्वतंत्र विचारही केला होता. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिच्यात सामावणार होते आणि परदेशी पंथांची नावे तिला नको होती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचे काम पुढे वाढले नाही. ती एका प्रतिभावंताची झेप होती. समित्यांनी आणि ठरावांनी जे केले ते त्यामानाने फार संथ आणि बरेचसे रूक्ष होते, पण टिकले तेच.

समित्यांचा मार्ग दक्षिणेत आधी आखला गेला. व्ही. एस. अझरिया हे १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे पाळकांची बैठक झाली. पंथभेद ही आपली निर्मिती नव्हे आणि शुभवर्तमानाच्या कामात ते आड येतात, ही तिथली मुख्य भूमिका होती. त्यातून २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाली. उत्तरेत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्येच एकत्र आल्या होत्या. लखनौनंतरच्या चर्चेला वेग आला तो १९५१ मध्ये वाटाघाटी समिती नेमली गेली तेव्हा. १९६१ मध्ये नव्याने नेमलेल्या समितीने १९६५ साली योजनेची चौथी आवृत्ती तयार केली. हा मसुदा मग त्या त्या मंडळीच्या रीतीप्रमाणे मतदानाला गेला.

सर्वांत अवघड प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा होता. अँग्लिकन समजुतीनुसार बिशपच्या हस्तारोपणाने दीक्षा मिळालेलाच प्रभुभोजनाची उपासना चालवू शकतो आणि बिशपांची ही परंपरा प्रेषितांपासून अखंड आलेली आहे. प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट किंवा ब्रिटिश मेथडिस्ट पाळकाला कोणत्याही बिशपने दीक्षा दिलेली नव्हती. त्याला नव्याने दीक्षा घ्यायला सांगणे म्हणजे वीस-तीस वर्षे त्याने वाढलेले प्रभुभोजन खोटे ठरवणे. दक्षिणेत यावर काळाचा उपाय केला होता: विद्यमान पाळक आहेत तसे राहतील, पुढच्या दीक्षा मात्र बिशप देतील आणि तीस वर्षांत प्रश्न आपोआप संपेल. हा तोडगा जगभरच्या अँग्लिकनांना पूर्णपणे पटला नाही. १९४८ मध्ये जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेत या प्रश्नावर मत दुभंगले.

उत्तरेने वेगळी वाट काढली. एकीकरणाच्या उपासनेतच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. अँग्लिकनांनी इतरांवर ठेवायचे आणि इतरांनी अँग्लिकनांवरही. सोबतची प्रार्थना मुद्दाम अशा शब्दांत बेतली होती की, या सेवकांना आपल्या एक झालेल्या मंडळीत जे काही लागेल ते देवाने द्यावे. ज्याला ही दीक्षेची पूर्तता वाटे, त्याला तसे मानता येई. ज्याची दीक्षा आधीच पुरी होती, त्याच्यासाठी तो आशीर्वाद आणि अधिक व्यापक सेवेचा अधिकार. नेमके काय घडले, याचा निवाडा देवावर सोपवला होता. टीकाकारांना ही शब्दांची कसरत वाटली आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण या संदिग्धतेमुळेच एकाही पाळकाला आपली आधीची सेवा नाकारावी लागली नाही, आणि समितीला हवे होते ते एवढेच.

बाप्तिस्म्याच्या बाबतीत संदिग्धतेला जागा नव्हती. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत आणि मोठेपणी त्याचे दृढीकरण होई. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्याकडे कळत्या वयात, विश्वासाची कबुली दिल्यानंतर आणि पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा होई. ब्रदरन तर तीनदा बुडवीत. दक्षिणेच्या एकीकरणात या तिन्ही परंपरा नव्हत्या, त्यामुळे तिथले उत्तर इथे चालण्यासारखे नव्हते. योजनेने दोन्ही रीती समान म्हणून स्वीकारल्या. आईवडिलांनी ठरवायचे: बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, की फक्त समर्पणाची उपासना करून बाप्तिस्मा त्याच्या समजत्या वयावर सोडायचा. दोन्ही वाटांनी आलेला माणूस विश्वासाची जाहीर कबुली दिल्यावर मंडळीचा पूर्ण सभासद होई. आता एकाच गावच्या मंडळीत दोन्ही रीती चालणार म्हटल्यावर, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा बुडवून मागितला तर पाळकाने काय करावे? हे प्रकरण त्याने बिशपपुढे न्यावे, असे ठरले. सिद्धान्त सुटला नाही. निर्णय कुणी घ्यायचा तेवढे लिहून ठेवले.

संपूर्ण योजनेचा हाच स्वभाव आहे. बिशपपद स्वीकारले, पण त्यामागचा कोणताही एक सिद्धान्त मानण्याची सक्ती केली नाही. त्याच वेळी बिशपला घटनेत बांधून घेतले. स्थानिक मंडळीची पॅस्टोरेट कमिटी, धर्मप्रांताची डायोसिसन कौन्सिल आणि दर तीन वर्षांनी भरणारी सिनॉड, म्हणजे संपूर्ण मंडळीची सर्वोच्च सभा, अशी रचना झाली. या तिन्ही ठिकाणी पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतात. बिशप अँग्लिकनांकडून आला, वडीलमंडळाची सभा प्रेस्बिटेरियनांकडून आणि स्थानिक मंडळीचे महत्त्व काँग्रिगेशनल व बाप्टिस्ट परंपरांतून. एकता, साक्ष आणि सेवा ही नव्या मंडळीची तीन ध्येये ठरली.

स्थापनेच्या तोंडावर एक मोठा भागीदार बाहेर पडला. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही अमेरिकन परंपरेची मंडळी वाटाघाटींत बराच काळ सहभागी होती. १९७० मध्ये, स्थापनेला काही महिने उरले असताना, तिने नकार दिला. ही मंडळी अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चचा घटनात्मक भाग होती. एकीकरणात जायचे तर तो संबंध तोडावा लागला असता. पुढे १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. सातऐवजी सहा मंडळ्या एकत्र आल्या त्या अशा. योजनेचा पाकिस्तानातील भाग याआधीच वेगळा झाला होता. १ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झाली.

दीक्षा आणि बाप्तिस्मा यांवर जेवढी वर्षे खर्च झाली, तेवढी काळजी मालमत्तेच्या हस्तांतरणाची घेतली गेली नाही, आणि पुढचे बरेचसे भांडण तिथेच झाले. मिशनांनी मागे ठेवलेली देवळे, शाळा, दवाखाने, बंगले आणि मोकळ्या जमिनी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली वेगवेगळ्या न्यासांच्या नावावर नोंदलेल्या होत्या. मंडळीने एक होण्याचा ठराव केला की तिची मालमत्ताही पाठोपाठ येते, असे एकीकरण करणाऱ्यांनी गृहीत धरले. कायदा तसे मानत नाही. दक्षिण गुजरात आणि डहाणू-पालघर भागातील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात हे उघड झाले. तिच्या जिल्हा सभेने १९७० मध्ये बहुमताने विलीनीकरणाचा ठराव केला, पण काही सभासद आपल्या जुन्या नावाला आणि रीतीला चिकटून राहिले. पाय धुण्याचा विधी आणि प्रीतिभोजन ही या परंपरेची खूण. वाद दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. नोंदणीकृत न्यासाच्या मालमत्तेचा असा वाद दिवाणी न्यायालयाने नव्हे, तर न्यासांच्या कायद्याखालील अधिकाऱ्यांनी हाताळावा, असे न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. २०१३ मध्ये निकाल आला की, केवळ ठरावाने न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातली प्रक्रिया पुरी करावी लागते.

चाळीस वर्षे वाटाघाटी करणाऱ्यांना हे सुचू नये, याचे नवल वाटते. एक कारण बहुधा त्यांच्या घडणीत आहे. समित्यांवर धर्मशास्त्र शिकलेले पाळक अधिक आणि चेंज रिपोर्टचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीतील बदल कळवण्याचा, अर्ज कुठे द्यायचा हे ठाऊक असलेले विश्वस्त कमी. शिवाय मालमत्तेचा प्रश्न आधी काढला असता तर चर्चा कदाचित तिथेच अडली असती.

महाराष्ट्रात एकीकरणानंतर नव्या सीमा आखल्या गेल्या. मुंबई (१८३७), नागपूर (१९०३) आणि नाशिक (१९२९) हे धर्मप्रांत मूळचे अँग्लिकन. त्यांत आता इतर परंपरांच्या मंडळ्या आल्या. कोल्हापूर, पुणे आणि मराठवाडा असे धर्मप्रांतही सीएनआयमध्ये आहेत. गावपातळीवर जुनी नावे सहजासहजी गेली नाहीत. सीएनआयची पाटी लागलेल्या देवळाची ओळख अजूनही अमेरिकन मिशनचे, स्कॉच मिशनचे किंवा एसपीजीचे चर्च अशी सांगितली जाते.

चर्च ऑफ साउथ इंडिया आणि केरळातील मार थोमा चर्च यांच्याशी पुढचे पाऊल टाकताना सीएनआयने निराळी पद्धत वापरली. १९७८ मध्ये या तिघांची संयुक्त परिषद स्थापन झाली. तिन्ही मंडळ्या एकमेकींचा बाप्तिस्मा, दीक्षा आणि प्रभुभोजन मानतात. एकीचा पाळक दुसरीच्या वेदीवर उपासना चालवू शकतो. प्रत्येकीची घटना, सिनॉड आणि न्यास मात्र वेगळे ठेवले आहेत.