वेणीच्या गोंड्यातील तांबडा

आपल्या आजींच्या वेणीत रेशमी गोंड्यांचे आगवळ असे. त्याचीच दूरची बहीण शोभावी अशी ‘तुल्मा’ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियातील स्त्रिया आजही वापरतात. दोन वेण्यांची टोके पाठीवर एकत्र बांधणारी ही लोकरीची दोरी; तिच्या टोकांना गोंडे.

पेरूतील कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात मुली विणकामाचा पहिला धडा ‘हाकिमा’ नावाच्या अरुंद फितीवर गिरवतात. मागाचे एक टोक खुंटाला, दुसरे विणणारीच्याच कमरेला. लोकर मेंढी व अल्पाकाची, कातरून घेतलेली. पिवळा रंग कोल्ये वृक्षाच्या फुलांचा, हिरवा चिल्काच्या पानांचा.

प्रश्न आहे तो तांबड्याचा. तो बहुधा ‘कोचिनील’पासून मिळतो, आणि कोचिनील हा निवडुंगावर जगणारा कीटक आहे. माद्या वाळवून, दगडावर वाटून रंग काढतात. लिंबाचा रस पडला की तो नारिंगीकडे झुकतो. एक किलो कोचिनीलसाठी सुमारे दीड लाख कीटक लागतात! गोंडा हाती घेणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही.

वनस्पतिजन्य तांबडा तेथे अपरिचित नाही. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील ‘चापी-चापी’च्या मुळांपासून तो निघतो, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या पाराकास वस्त्रांतही अशाच मुळांचा रंग आढळला आहे. (त्यासाठी मुळे उपटावी लागतात, हेही खरे.) स्वस्त मालात तर रासायनिक रंगाचा कृत्रिम धागाच असतो. तेव्हा असा माल मागवणाऱ्या व्यापारी बंधूंनी भाव विचारण्याआधी तांबडा कशाचा, हे विचारावे. विणणारीला ते नेमके ठाऊक असते. मधल्या दलालाला क्वचितच.