अफवेचे निरपराध बळी

श्रोतेहो, आमच्या अकोटास आठवड्याचा बाजार भरतो, तेव्हां आसपासच्या खेड्यांतून माणसें गांवांत येतात. त्यांत कितीतरी चेहरे अनोळखी असतात. कोणी जडीबुटी विकणारा, कोणी दारोदार भिक्षा मागणारा. त्यांच्या येण्यानें कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. परंतु त्याच गर्दींत एखादे दिवशीं भयाचा एक शब्द पसरला, तर हीच आपलीं साधीं माणसें काय करतील?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. ता. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्याचे. मुलें पळविणाऱ्या टोळीची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गांवोगांव फिरत होती. हे पांच जण त्याच टोळीचे, असा समज झाला. जमावानें त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलींत नेऊन पुन्हां मारलें, आणि पांचहि जणांचे प्राण गेले. त्यांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, भयाला आकार नसतो आणि आकाराशिवाय तें मनुष्याला सहन होत नाहीं. म्हणून तें एखादा चेहरा शोधतें. आणि ज्याच्या बाजूनें बोलणारें तेथें कोणी नाहीं, असाच चेहरा त्याला सांपडतो. दुसरें असें कीं, एकच वार्ता दहा तोंडांतून ऐकूं आली म्हणजे ती दहा साक्षीदारांची वाटते. प्रत्यक्ष पाहणारा मात्र एकहि नसतो. तिसरें कारण सर्वांत भयंकर आहे: एकदां समज झाला कीं आरोपीचें प्रत्येक उत्तर त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरतें. गप्प राहिला तर दोषी. नाकारलें तर लबाड.

इतिहासांत हेंच पुनःपुन्हां घडलें आहे. १३४८ सालीं युरोपांत प्लेगनें कहर केला, तेव्हां ज्यूंनीं विहिरींत विष कालविल्याची वदंता उठली. ज्यू लोकहि याच रोगानें मरत आहेत, हें पोप सहावा क्लेमेंट यानें उघड सांगितलें. तरीहि १४ फेब्रुवारी १३४९ रोजीं स्ट्रासबुर्ग येथें शेंकडों ज्यूंना जाळण्यांत आलें; आणि त्या शहरांत तर प्लेग अद्याप पोंचलाहि नव्हता! १६९२ सालीं अमेरिकेंतील सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फांशी दिली. ज्यांनीं खोटा कबुलीजबाब दिला ते वांचले. सत्याला चिकटून राहिले ते फांसावर गेले.

हीं दूरच्या देशांचीं वा जुन्या काळाचीं पापें म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यांत २०१३ पासून आहे. असें असतांहि २०२४ च्या अखेरीस, अकोटाच्या शेजारींच मेळघाटांत, जादूटोण्याच्या संशयावरून एका वृद्ध स्त्रीला मारहाण झाली आणि तिची धिंड काढली गेली.

सेलमची लाट कशी ओसरली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गव्हर्नरानें तें खास न्यायालय मोडलें. आणि पुढें केवळ भासावर आधारलेली साक्ष ग्राह्य मानण्यांत आली नाहीं. पुरावा मागतांच खटले कोसळूं लागले. १६९७ सालीं न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यानें प्रार्थनामंदिरांत उभें राहून आपला दोष कबूल केला. राईनपाड्याच्या खटल्यांतहि २०२४ सालीं धुळ्याच्या न्यायालयानें सात जणांना जन्मठेप दिली. परंतु पश्चात्तापानें वा शिक्षेनें मेलेलीं माणसें परत येत नाहींत.

म्हणून, श्रोतेहो, उद्यां अशी वार्ता आपल्या कानीं आली, तर ती पुढें धाडण्यापूर्वीं एवढेंच विचारा: कोणाचें मूल हरवलें? कोणत्या गांवीं? डोळ्यांनीं पाहिलें कोणी? त्या रविवारीं हा प्रश्न वेळींच विचारला गेला असता, तर त्याला उत्तर देणारा एकहि मनुष्य पुढें आला नसता. आणि ते पांच जण भिक्षेची झोळी घेऊन आपल्या घरीं परतले असते.